मळसूत्राचे मोल
ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी तोंडाकडून भरली जात असल्याने नळीचे मागील टोक मळसूत्री बुचाने बंद करावे लागते. उत्तम बुचाचे आटे नळीच्या आट्यांत घट्ट बसतात व त्याचा माथा पोकळी न ठेवता आतील कडेला टेकतो. त्यामुळे स्फोटाचा वायू मागे निसटत नाही. शिवाय नळी साफ करण्यासाठी बूच काढता येते.

१५४३ मध्ये पोर्तुगीज बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचल्या, तेव्हा तेथील लोहारांना नेमके हे बूड बंद करणेच साधले नाही. नान्पो बुन्शी यांच्या ‘तेप्पोकी’ (१६०६) या वृत्तांतानुसार पुढील वर्षी आलेल्या परदेशी लोहाराकडून ती विद्या मिळाली. उत्तरकालीन आख्यायिकेत मात्र तिच्या मोबदल्यात लोहारकन्या वाकासा पोर्तुगिजाला दिली जाते. तंत्राच्या देवघेवीत कोणाचा बळी गेला, हा प्रश्न वृत्तांत विचारत नाही, आख्यायिका विचारते.