झुंजारला पेन्शन नाही

रहस्यकथेचा विषय निघाला की आमची समीक्षक मंडळी बाबूराव अर्णाळकरांच्या हजारावर पुस्तकांचा आकडा सांगतात, 'वाचनाची गोडी लावली' एवढं म्हणतात आणि मोकळी होतात. बालवाडीच्या बाईंना नारळ देऊन निरोप द्यावा तसं. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांची ओळख दिवाळी अंकाच्या वाचकाला करून द्यायला नको. गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपचीही नको. नाईकांनीही हजाराचा पल्ला गाठला. या दोघांची नक्कल करणाऱ्यांची रांग मी सरळ ओलांडतो.

माझं घोडं अडतं ते सुहास शिरवळकरांपाशी. दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास. शहरातून बिडकीनला परतताना भाड्याच्या वाचनालयातलं शिरवळकर यष्टीत उघडलं की चितेगाव कधी मागे पडलं ते कळायचं नाही. एकदा सातव्या पानावर कुणा हलकटाने बॉलपेनने खुन्याचं नाव लिहून, खाली दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. तरी पुस्तक सुटलं नाही, कारण माणसं बोलायची झकास. 2013 साली 'दुनियादारी' पडद्यावर आली आणि तेच समीक्षक शिरवळकरांना 'खरं तर सामाजिक कादंबरीकार' म्हणू लागले. दारा बुलंद म्हणजे जणू घराण्यातला वाया गेलेला काका!

एक उणीव मात्र शिरवळकरांच्या भक्तानेही कबूल करावी. आपल्या नायकांना वय नाही आणि बदलीची ऑर्डर नाही. ते खटकलं औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडे इयान रँकिनचं 'ब्लॅक अँड ब्लू' मिळालं तेव्हा. 1997 ची ही कादंबरी, एडिनबराच्या इन्स्पेक्टर रीबसच्या मालिकेतली आठवी. तिला गोल्ड डॅगर मिळाला. 1968-69 मध्ये ग्लासगोत तीन बायकांचे खून झाले. संशयिताला वर्तमानपत्रांनी 'बायबल जॉन' म्हटलं, तो कधी सापडला नाही. रँकिनने त्याची नक्कल करणारा नवा खुनी उभा केला आणि खरा बायबल जॉन त्या नकलाकाराच्या मागावर सोडला. रीबस वरिष्ठांच्या मर्जीतून उतरलेला, दारूत बुडालेला, क्रेगमिलरच्या बकाल ठाण्यात फेकलेला. तपास त्याला तेलाच्या पैशाने फुगलेल्या ॲबर्डीनला नेतो, तिथून शेटलंडला. खून एवढे, पण लक्षात राहतो तो तेलाचा पैसा. आणि हा रीबस म्हातारा होतो: 2007 च्या 'एक्झिट म्युझिक'मध्ये साठीला टेकून निवृत्त होतो. (पाच वर्षांनी पुन्हा उगवतो, ते सोडा.)

तेल नाही, पण पैसा आमच्याकडेही आला. औद्योगिक वसाहतीसाठी बिडकीनच्या जमिनी गेल्या, मोबदला आला, पाठोपाठ दलाल आले, दाराशी गाड्या आल्या, भाऊबंदकीला नवी धार आली. सातबारा, वारसनोंदी, बक्षीसपत्रं, बहिणींची हक्कसोडपत्रं. यातून आठ कादंबऱ्या निघतील. नायक म्हणून गुडघे दुखणारा एक जमादार पुरे, जो पंचनामा लिहिताना पंचांची भाषा बदलत नाही.

परवा एक तरुण हस्तलिखित घेऊन आला. नायक रॉचा माजी एजंट, पहिला खून इस्तंबूलच्या हॉटेलात. पोरगा राहतो फारोळ्याला.