पोळ, चौक आणि टाके

नगररचना हा वास्तुविशारदांचा विषय; व्यापाऱ्याने त्यात कशास लक्ष घालावे, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटते. परंतु जुन्या शहरांतील पेढ्या, वखारी आणि वाडे पुष्कळदा व्यापारी कुटुंबांच्याच मालकीचे असतात. ते राखावयाचे की पाडावयाचे, याचा निर्णय अखेर आपल्याच गादीवर होतो. म्हणून अहमदाबादचे उदाहरण येथे मांडीत आहे. हे नगर मराठी माणसास परके नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पेशवे व गायकवाड यांचा अंमल होता आणि गायकवाडांची हवेली आजही तेथे उभी आहे.

१४११ साली वसलेल्या या नगराचा जुना भाग पोळींचा बनलेला आहे. पोळ म्हणजे एका दरवाजाआड नांदणारी वस्ती. अनेक पोळींत जैन कुटुंबे, त्यांचे देरासर आणि पक्ष्यांना दाणे घालावयाचा चबुतरा असे. गल्ल्या अरुंद, म्हणून भर दुपारीही एका बाजूच्या घराची सावली दुसऱ्या बाजूवर पडते. घरे भिंतीस भिंत लावून असल्याने ऊन लागणारा पृष्ठभाग थोडा राहतो. घराच्या मध्यभागी उघडा चौक असतो. तापलेली हवा त्यातून वर निघून जाते व गल्लीतील तुलनेने थंड हवा आत येते. शोभेचा वाटणारा हा चौक वस्तुतः घराचे श्वसनेंद्रिय होय.

या चौकाखालीच पाण्याचे टाके असे. पहिल्या सरींनी गच्ची धुऊन निघाली की ते पाणी सोडून देत; पुढील पाणी नळीवाटे चुनेगच्ची टाक्यात उतरवीत. सूर्यप्रकाश न पोहोचल्याने ते वर्षभर टिके. याचा हिशेब व्यापाऱ्यास सहज पटेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ८० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५६,००० लिटर होतात. त्यातील चौथा हिस्सा वाया गेला तरी ४२,००० लिटर उरतात; रोज ११५ लिटर वर्षभर पुरतील. १८९१ च्या सुमारास नळ आले आणि टाकी हळूहळू विस्मृतीत गेली.

मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर चढला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखविले. त्यानंतर २०१३ साली महानगरपालिकेने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली आणि छपरांस पांढरा रंग देण्याचा उपक्रमही सुरू झाला. २०१७ च्या जुलैमध्ये याच जुन्या नगरास युनेस्कोने जागतिक वारसा-नगराचा मान दिला; भारतात असा मान मिळविणारे हे पहिलेच शहर.

तथापि मानाने घर उभे राहत नाही. वारसदार अनेक, दुरुस्ती महाग, मोटार दारापर्यंत येत नाही. मग कोरीव खांब व तुळया विकल्या जातात, चौकावर स्लॅब पडते आणि घराचे गोदाम होते. त्या गोदामातील माल लाकडी वस्तीस आगीचे भय आणतो. बंद झालेल्या खोल्यांस वातानुकूलन लागते व त्याची यंत्रे अरुंद गल्लीत उष्ण हवा सोडतात. एकाने केलेल्या सोयीचा ताप शेजाऱ्याने सोसावा, हे आपल्या अहिंसाधर्मास शोभणारे नाही.

सर्व जुने जसेच्या तसे ठेवावे, असे आमचे म्हणणे नाही. विजेच्या तारा नव्या हव्यात, स्वच्छतागृहे हवीत, अग्निशमनाची सोय हवी. पण चौक उघडा ठेवणे, टाके उपसून स्वच्छ करणे, गच्ची पांढरी करणे आणि ज्वालाग्राही माल वस्तीबाहेर नेणे, ही कामे एका दुकानाच्या नूतनीकरणाच्या खर्चाहून फार मोठी नाहीत. वडोदरे असो, इंदूर असो वा बेळगाव, प्रत्येक ठिकाणचे हवामान निराळे, तसा तेथील वाडाही निराळा. पाडण्यापूर्वी तो तसा का बांधला होता, एवढे तरी जाणत्या गवंड्यास विचारावे. पूर्वजांनी सांभाळलेली पेढी आपण हिशेब पाहिल्यावाचून मोडीत नाही. त्यांनी बांधलेल्या घरासही तोच न्याय लावावा.