लाली, काळवंडणं आणि माप

उन्हातून घरी आलो की आपण म्हणतो, 'उन्हानं काळवंडलो.' पण उन्हातलं नेमकं काय काळवंडवतं? आज आपण एवढंच पाहू.

त्वचेच्या दृष्टीनं उन्हात तीन प्रकारच्या लहरी महत्त्वाच्या. ३१५ नॅनोमीटरपेक्षा आखूड त्या यूव्हीबी. त्या पेशींतल्या डीएनएला इजा करतात, तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कातडी लाल होते. ही लाली काही तासांनी येते. काळेपणा त्यानंतर दोन-तीन दिवसांनी चढतो. ३१५ ते ४०० पर्यंत यूव्हीए. त्यांनी त्वचेत असलेलंच मेलॅनिन काही मिनिटांत गडद होतं. आणि ४०० ते ७०० म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाश.

हा दिसणारा प्रकाश फार काळ निरुपद्रवी मानला गेला. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तो टिकाऊ काळेपणा आणतो. गोऱ्या त्वचेवर मात्र नाही. यात मुख्य वाटा जांभळ्या-निळ्या लहरींचा आहे, हे पुढे कळलं.

आता सनस्क्रीनवरचा एसपीएफ घ्या. मलम लावल्यावर कातडी लाल व्हायला कितीपट मात्रा लागते, तो हा आकडा. म्हणजे मोजली जाते ती लाली, आणि तीही बहुतांशी गोऱ्या त्वचेवर. काळवंडणं त्यात धरलेलंच नाही.

आमच्या विषयात 'प्रमाण' म्हणजे ज्ञानाचं साधन. रोजच्या मराठीत प्रमाण म्हणजे माप. इथे या दोहोंची गल्लत होते. जे मापात बसलं नाही, ते घडतच नाही असं आपण धरून चालतो. चेहऱ्यावर वांग असलेली बाई पन्नास एसपीएफचं मलम नेमानं लावते, तरी डाग गडद होतात. मग घरचे म्हणतात, 'तू नीट लावत नसशील.' दोष तिचा नसतो बरं का. तो आकडा तिच्या प्रश्नाचं उत्तरच देत नाही.

मग करायचं काय? दिसणारा प्रकाश अडवायला दिसणारंच काही लागतं: छत्री, टोपी, पदर, किंवा आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन. खिडकीची काच यूव्हीबी अडवते, हा प्रकाश नाही. मोबाईलला मात्र घाबरू नका. ऊन त्याच्या कितीतरी पट प्रखर असतं.

आता प्रश्न घेऊ.