गिटार, पोथी आणि हाताची खूण

नामवंत वादकाने वापरलेल्या जुन्या गिटारला दोन किमती असतात. पहिली वाद्याची. कंपनी, साल, लाकूड आणि मूळ सुटे भाग यांवरून ती ठरते. दुसरी वादकाच्या हाताची. मार्टिन कंपनीने १९५९ मध्ये बनवलेली डी-१८ई ही गिटार कर्ट कोबेनने नोव्हेंबर १९९३ मध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात वाजवली. जून २०२० च्या लिलावात तिला ६० लाख डॉलरहून अधिक किंमत आली. त्याच साली, त्याच कारखान्यात तयार झालेल्या तिच्या भावंडांना या रकमेचा अल्पसा अंशही मिळत नाही.

या दोन किमती कधी एकमेकींच्या विरुद्धही जातात. एरवी जुन्या गिटारचा भाग बदलला की तिचा भाव उतरतो. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर याने १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा दांडा अनेकदा बदलला, पिकअपही बदलले. तरीही जून २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, कारण प्रत्येक बदल त्या वादकाच्या ध्वनिशोधाची नोंद होता. 

पुरावा कसा जुळतो

हाताची किंमत पुराव्याशिवाय उभी राहत नाही. बॉब डिलनने १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात विद्युत गिटार हाती घेतली, तेव्हा लोकसंगीताचे अनेक चाहते बिथरले. ती गिटार पुढे एका खासगी विमानात राहून गेली आणि वैमानिकाच्या घरी अनेक दशके पडून होती. तिची ओळख लाकडाच्या रेषांवरून पटली. झाडाच्या वर्षवलयांनी उमटणारी ही नक्षी कोणत्याही दोन फळ्यांवर तंतोतंत सारखी नसते, म्हणून न्यूपोर्टच्या छायाचित्रांशी ती ताडून पाहता आली. डिसेंबर २०१३ मध्ये ही गिटार ९ लाख ६५ हजार डॉलरला विकली गेली. जॉन लेननची १९६३ च्या अखेरीस हरवलेली गिब्सन जे-१६०ई अमेरिकेत एकाने वापरलेले वाद्य म्हणून अवघ्या पावणेदोनशे डॉलरला घेतली होती. अनुक्रमांक आणि लाकडावरच्या खुणा जुळल्यावर २०१५ मध्ये तिची किंमत २४ लाख डॉलरवर पोचली. वाद्य तेच होते. मधल्या काळात फक्त ते कोणाचे, हे सिद्ध झाले.

धुळ्याच्या पोथ्या

खानदेशात रॉक गिटारचा बाजार नाही, पण वस्तूवरची हाताची खूण ओळखण्याची विद्या धुळ्यात शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचे क्षेत्र कागद. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठामठांतून पोथ्या, बाडे आणि सुटे कागद मिळवले. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातच्या डोमगाव मठातील प्रतीवरून त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात हा संग्रह आहे. स्वतः समर्थांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची पोथीही तेथेच आहे.

पोथीची परीक्षा गिटारच्या परीक्षेसारखीच चालते. लाकडाच्या रेषांच्या जागी अक्षराचे वळण आणि शाई-कागदाचा पोत येतो. अनुक्रमांकाचे काम शेवटची पुष्पिका करते. लेखकाचे नाव, शक, तिथी आणि गाव तिच्यात असते. पोथी कोणत्या मठातून कोणाकडे आली, हा माग तिसरा पुरावा ठरतो. तिन्ही धागे जुळले की हस्ताक्षराचा दावा उभा राहतो. एक तुटला तर ‘मानली जाणारी’ हे शब्द कायम राहतात.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीही गावोगाव हिंडून दप्तरे जमवली. वाईला सापडलेल्या कागदांतून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पानिपतपर्यंतचा पत्रव्यवहार त्यामुळे उजेडात आला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच स्थापन झाले. मंडळाकडे आलेले त्यांचे कागद बाजारात न फुटता एका छताखाली राहिले.

चाळीसगावचे घर

जळगाव जिल्ह्यात हाताची खूण जपण्याचे वेगळे रूप दिसते. कलामहर्षी के. की. मूस (१९१२ ते १९८९) मुंबईत जन्मले, इंग्लंडमध्ये छायाचित्रकला शिकले आणि चाळीसगावच्या बंगल्यात परतल्यावर सुमारे पाच दशके क्वचितच घराबाहेर पडले. टेबलावर साध्या वस्तू मांडून अस्सल निसर्गदृश्य वाटावे असे छायाचित्र टिपण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या पश्चात त्या घराचे संग्रहालय झाले. तेथे छायाचित्रे आणि जुन्या वस्तू कलावंताच्या राहत्या जागीच आहेत. वस्तू कोणाची, हा प्रश्न त्या वास्तूत उरत नाही. घर हाच पुरावा आहे. लिलावात मात्र प्रत्येक वस्तू वेगळ्या घरी जाते आणि तिच्यासोबत कागदपत्रांची साखळीही न्यावी लागते.

जपणूक

लाकूड असो वा कागद, शत्रू एकच: हवेतल्या ओलाव्याचा चढउतार. गिटारसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी पडते. लाकूड आकसते, चिरते. पावसाळ्यात तेच फुगते, सरस सुटतो, बुरशी धरते. पोथ्यांना याशिवाय कसर आणि वाळवीचे भय. कापडी बासनात घट्ट बांधणे, वेखंड ठेवणे हे जुने उपाय होते. आता सूक्ष्मचित्रण आणि संगणकीय प्रतींची जोड मिळते. प्रतीमुळे मजकूर वाचतो, मात्र वळण, शाई आणि हाताळल्याच्या खुणा तपासायला मूळ वस्तूच लागते.

घरात एखाद्या गायकाचा तंबोरा, हार्मोनियम किंवा डग्गा-तबला असेल तर त्यालाही हाच नियम लागू पडतो. वाद्य कोणाकडून, कोणत्या साली आले याची नोंद, खरेदीची पावती, वादकासह त्याचे छायाचित्र आणि दुरुस्तीचा तपशील, एवढे कागद वाद्यासोबत एकाच जागी ठेवले की पुढच्या पिढीला ओळख पटवण्याचा आधार मिळतो.