सकर मासा आपल्या नद्यांत टिकतो कसा?

फिशटँकच्या दुकानात बोटभर लांबीचं एक काळपट पिल्लू काचेला तोंड चिकटवून बसलेलं असतं. दुकानदार म्हणतो, ‘एक सकर टाका, काच साफ राहील.’ शेवाळ तो खरंच खरवडून खातो. पण हे पिल्लू पुढे दीड फुटापर्यंत वाढतं, हे सांगायचं राहून जातं. मग टाकी पुरत नाही, मारायला जीव धजत नाही आणि एक दिवस बादलीत घालून त्याला जवळच्या नदीत किंवा तळ्यात सोडलं जातं. सोडणाऱ्याला वाटतं, आपण एक जीव वाचवला. ही भावना खोटी नसते, म्हणूनच पुढे काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनसारख्या नद्यांच्या खोऱ्यांतला. टेरिगोप्लिक्थिस हे त्याच्या प्रजातीचं (जीनसचं) शास्त्रीय नाव. आज तो सोलापूर जिल्ह्यात भीमेवरच्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, वाराणसीजवळ गंगेत सापडला आहे, कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींतही आहे. हातात आला तर उलटा करून पोट पाहावं. पोटावर सुटे ठिपके असतील तर पार्डालिस जातीचा, ठिपके जुळून नागमोडी रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. या दोघांचा संकर होतो, त्यामुळे मधलीच नक्षीही दिसते.

परक्या पाण्यात तो तग धरतो याचं पहिलं कारण त्याचा श्वास. कल्ले त्याला आहेतच. पण पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी पडला की तो झपकन वर येतो, हवेचा घोट घेतो आणि तळाशी जातो. ही हवा जाते पोटात. त्याच्या जठराची भिंत पातळ असते आणि तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यातून प्राणवायू थेट रक्तात उतरतो. अंग ओलं राहिलं तर पाण्याबाहेरही तो 20 तासांच्या आसपास जगू शकतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत येतं. अशा पाण्यात स्थानिक मासे गुदमरतात, त्याचं मात्र फारसं अडत नाही. आपण नदी जितकी घाण करतो, तितकी ती त्याच्यासाठी मोकळी होते.

दुसरं कारण कवच. साध्या खवल्यांच्या जागी त्याच्या अंगावर हाडांच्या तकटांच्या रांगा असतात, फक्त पोट मऊ. पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांना जाड काटे असतात. धोका जाणवला की तो हे काटे ताठ करून अडकवून ठेवतो, मग ते सहजी मिटत नाहीत. प्वेर्तो रिकोत असा मासा गिळताना तपकिरी पाणकोळी घशात अडकून मेल्याची नोंद आहे. मच्छीमाराच्या नायलॉनच्या जाळ्यात तो शिरला की तेच होतं. काट्यांत धागे गुंततात, मासा वळवळतो तसा गुंता वाढतो आणि शेवटी जाळंच कापावं लागतं. जाळं गेलं, दिवसाची मासळी गेली, आणि हाती आला तो बाजारात विकला न जाणारा मासा.

तिसरं कारण घरटं. नर काठाच्या मातीत सुमारे मीटरभर लांब बीळ खणतो. मादी त्यात साधारण 500 ते 3000 अंडी घालते आणि निघून जाते, नर मात्र पिल्लं बाहेर पडेपर्यंत राखण करतो. उघड्यावर अंडी सोडून देणाऱ्या माशांच्या मानाने यात पिल्लं वाचण्याची शक्यता बरीच जास्त. एकाच काठाला अशी अनेक बिळं झाली की माती भुसभुशीत होऊन काठ ढासळतो आणि पाणी गढूळ होतं.

खाण्याच्या बाबतीतही तो अडून बसत नाही. तळाचा गाळ, शेवाळ, कुजका पालापाचोळा आणि त्यात आलेली इतर माशांची अंडीसुद्धा तो ओरपतो. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो जलाशयात चिलापीची मोठी मासेमारी चाले. सकर वाढला तसा जाळ्यांत तोच भरू लागला आणि तिथल्या कोळ्यांचं उत्पन्न कोसळलं. उजनीतही भिगवणपासून खालपर्यंत कित्येक घरं चिलापीवर चालतात. चिलापीही मूळची आफ्रिकेची, पण तिला गिऱ्हाईक आहे. म्हणून मला मेक्सिकोचं हे उदाहरण फार जवळचं वाटतं.

एकदा जलाशयात वसला की त्याला पूर्ण काढता येत नाही, त्यामुळे अडवायचं ते टाकीपाशीच. शेवाळासाठी दिवे कमी वेळ लावा, टाकी उन्हापासून दूर ठेवा, काच हाताने घासा. घरी वाढलेला सकर असेल तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाकडे सोपवा. तेही जमलं नाही तर न तडफडवता मारण्याची पद्धत पशुवैद्याला विचारा. विहीर, देवळाचं तळं किंवा शेततळं हा पर्याय नव्हे, पुराच्या पाण्याबरोबर मासे तिथूनही ओढ्यात उतरतात.

जाळ्यात आलेला सकर पुन्हा पाण्यात टाकू नये, आणि काठावर फेकला म्हणजे मेला असंही समजू नये. ओल्या काठावरून तो वळवळत पाणी गाठू शकतो. डोक्यावर एकच जोरदार घाव घालून त्याला लगेच मारावं आणि पाण्यापासून लांब खड्ड्यात पुरावं.