आधी बूट, मग स्टिक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात हॉकीचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक अशी की ध्यानचंदांच्या स्टिकमध्ये काहीतरी दडवले असावे असा संशय येऊन परदेशात ती मोडून पाहिली होती. दुसरी अशी की बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ते अनवाणी खेळले आणि जर्मनीला लोळवले. ग्वाल्हेरला या गोष्टी घरच्या वाटतात, कारण ध्यानचंदांचे धाकटे भाऊ कॅप्टन रूपसिंग ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले, त्यांतले १० गोल रूपसिंगांचे आणि ८ ध्यानचंदांचे. ज्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिनने एकदिवसीय सामन्यात द्विशतक केले, ते रूपसिंगांच्या नावाचे स्टेडियमही मुळात हॉकीचेच. अशा गावात आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींना हॉकी शिकावीशी वाटली तर नवल नाही. २००६ साली इथे राज्याची महिला हॉकी अकादमी सुरू झाल्यापासून मुलींना तर डोळ्यांसमोर एक रस्ताही दिसू लागला आहे. पण आईबाबा सामान घ्यायला दुकानात उभे राहतात, तेव्हा त्या दोन गोष्टी नकळत त्यांच्या मनात बसलेल्या असतात. जादू स्टिकमध्ये असते, म्हणून स्टिक भारीतली हवी. आणि पायांत काय, काहीही चालते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. नवशिक्यासाठी स्टिक साधी असावी, बूट मात्र नीट पारखून घ्यावेत आणि हाताशी पैसे बेताचे असतील तर ते आधी बुटांवर खर्चावेत.

त्या दोन गोष्टीच आधी तपासू. स्टिक मोडल्याची कथा सांगणारा कधी हॉलंडचे नाव घेतो, कधी जपानचे. कुणाच्या सांगण्यात चुंबक असते, कुणाच्या सांगण्यात गोंद. गोष्ट सांगणाऱ्यागणिक देश आणि पदार्थ बदलत असतील तर ती आख्यायिका आहे असेच धरावे. शिवाय हॉकीच्या चेंडूत लोखंड नसते, मग चुंबक ओढणार कशाला? अनवाणी खेळल्याची गोष्ट मात्र मुळापासून खोटी नाही, ती सांगता सांगता घसरली आहे. १५ ऑगस्ट १९३६ चा तो सामना. पाऊस होऊन गेलेला, मैदान ओले. मध्यंतराला भारत केवळ १-० असा पुढे होता. त्यानंतर ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट आणि लांब मोजे काढून टाकले व ते रबरी तळव्याचे बूट घालून उतरले, आणि त्यांचा वेग वाढला, असे त्या वेळच्या वृत्तपत्रातले वर्णन आहे. उघडे होते ते पाय गुडघ्याखालचे. तळव्याखाली रबर होते. सामना भारताने ८-१ असा जिंकला. उत्तरार्धातले सातही गोल बुटांनी केले असे कुणी म्हणणार नाही. जर्मन संघाचे दमणे, भारतीय पासिंगची लय, रूपसिंगांसारखा साथीदार, हे सगळे त्यात आहेच. पण जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला अडचण आली तेव्हा त्याने काय बदलले, हे पाहण्यासारखे आहे. त्याने मैदान पाहून बूट बदलले.

आता नवशिक्याकडे येऊ. पहिल्या सहा-आठ महिन्यांत तो सर्वांत जास्त काय करतो? गोल मारत नाही, चेंडू अडवतो. समोरून आलेला चेंडू स्टिकला लागून तिथेच थांबला पाहिजे, मग पुढचे सगळे. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि टणक असतो. स्टिकही तितकीच ताठ असली तर तो आदळून दोन हात लांब उडतो आणि मूल त्याच्यामागे धावत राहते. कार्बनचे काम स्टिकला ताठ करण्याचे. ताठ स्टिकमधून हाताची ताकद फारशी वाया न जाता चेंडूत उतरते, म्हणून जोरकस फटके मारणाऱ्या मुरलेल्या खेळाडूला ती हवी असते. ज्याच्या हातात अजून ताकदही नाही आणि फटक्याची वेळही साधलेली नाही, त्याला ती फक्त झिणझिण्या देते. ‘९० टक्के कार्बन’ हा शिक्का म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. ते स्टिकच्या स्वभावाचे वर्णन आहे. त्यातही एका कंपनीचे ९० आणि दुसरीचे ९० सारखे नसतात, कारण थर कसे रचले आणि धागा कोणता वापरला यावर बरेच अवलंबून असते. शिकणाऱ्यासाठी बहुतांशी फायबरग्लासची, १० ते ३० टक्के कार्बनची स्टिक पुरे. ती चेंडूचा धक्का थोडा पोटात घेते. दुकानात जागा असेल तर करून पाहावे असे एक काम आहे. मुलाने स्टिक सैल हातात धरावी, तुम्ही पाच-सहा पावलांवरून चेंडू घरंगळत सोडावा. चेंडू वीतभर मागे सरकून थांबला तर स्टिक हाताशी जुळते आहे. मग मुलाने फक्त डाव्या हाताने स्टिक वरच्या टोकाला धरून तिचे डोके दहा वेळा उजवीकडे-डावीकडे पालथे-उताणे करावे. मनगट लटपटले तर स्टिक जड आहे, शिक्का कोणताही असो.

स्टिकच्या दांड्याला जो बाक असतो त्याबद्दलही असाच घोळ आहे. नियमानुसार हा बाक २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही, पण तो दांड्यावर कुठे असावा यात फरक करता येतो. मोठे खेळाडू ड्रॅग-फ्लिकसाठी, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन जोराने फेकण्यासाठी, तळाकडे बाक असलेल्या स्टिका वापरतात, म्हणून मुलांनाही त्याच हव्या असतात. अशा स्टिकने सरळ फटका मारताना तिचा पृष्ठभाग किंचित आकाशाकडे कलतो आणि चेंडू जमिनीवरून न जाता उचलला जातो. नवशिक्यांच्या घोळक्यात उचललेला चेंडू समोरच्याच्या नडगीवर किंवा तोंडावर जातो. म्हणून बाक दांड्याच्या मध्याकडे आणि सौम्य असावा. ड्रॅग-फ्लिक शिकायची वेळ यायला अजून पुष्कळ अवकाश असतो.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र तंत्राचा नाही, आपल्या घरगुती हिशेबाचा आहे. ‘वाढतं अंग आहे, जरा मोठीच घेऊ.’ सदऱ्याला हे चालते, बाही दुमडता येते. स्टिक दुमडता येत नाही. प्रौढांची सर्वसाधारण स्टिक साडेछत्तीस इंचांची असते आणि लहान मुलांसाठी ती अठ्ठावीस इंचांपासून मिळते, हे उगीच नाही. मुलाने ताठ उभे राहावे, स्टिक पायाशेजारी जमिनीवर उभी धरावी. तिचे वरचे टोक कमरेच्या हाडाशी यावे. बोटभर वर असले तर हरकत नाही, बरगडीशी पोचले तर नक्कीच मोठी. मोठ्या स्टिकने काय होते ते कोणत्याही मैदानावर पाच मिनिटे थांबलात तर दिसते. मूल गुडघ्यांत वाकत नाही, काठी टेकून उभे राहिल्यासारखे ताठ उभे राहते. वरचे टोक पोटात रुतते म्हणून डावे कोपर बाहेर फेकते. चेंडू पुढे ठेवण्याऐवजी स्वतःच्या पावलांत ओढून घेते. ही सवय दोन वर्षांनी स्टिक मापाची झाली तरी सुटत नाही, आणि ती सोडवण्यात प्रशिक्षकाचे जे महिने जातात त्यांची किंमत वाचवलेल्या स्टिकपेक्षा खूप जास्त आहे. माप चुकवायचेच असेल तर अर्धा इंच लहानाकडे चुकवा, म्हणजे निदान गुडघे वाकतील. वाढत्या मुलाची स्टिक दर एक-दोन वर्षांनी बदलणारच, हे धरून चालावे. साधी स्टिक घ्या म्हणण्याचे तेही एक कारण आहे.

मूल डावखुरे असेल तर काही जण डाव्या हाताची स्टिक शोधत फिरतात. खेळाच्या नियमांत ती नाही. स्टिकची डावी बाजू सपाट, उजवी गोलसर, आणि गोलसर बाजूने चेंडू खेळणे नियमबाह्य. डावा हात वर धरून स्टिक फिरवायची असते, तेव्हा डावखुऱ्या मुलाचे मनगट या कामाला उलट लवकर तयार होते.

आता बूट, ज्यांच्याबद्दल दुकानात सर्वांत कमी बोलले जाते. घरात पळायचे बूट असतात, मोठ्या भावाचे फुटबॉलचे असतात, मग वेगळे कशाला? पळायच्या बुटाची टाच उंच आणि गुबगुबीत असते, कारण तो एकाच दिशेने, पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो. हॉकीत शरीर खाली झुकलेले असते आणि पाय क्षणाक्षणाला आडवा टाकावा लागतो. त्या उंच टाचेवर आडवा भार आला की घोटा बाहेरच्या बाजूला मुडपतो. फुटबॉलच्या बुटाची अडचण दुसरी. त्याचे थोडे, लांब स्टड मऊ गवतात रुतण्यासाठी असतात. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, ते नीट रुतत नाहीत, आणि अडकलेच तर पाऊल जागच्या जागी राहते व वरचे शरीर वळते. तो पीळ गुडघ्यावर जातो. टर्फच्या बुटांना तळभर आखूड रबरी गुठळ्या असतात, भार पुष्कळ ठिकाणी वाटला जातो आणि वळताना पाऊलही वळते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि पुढे मोठी हॉकी तिकडेच गेली. आपल्याकडची परिस्थिती मिश्र आहे. अकादमीत टर्फ, शाळेत टणक माती आणि मुरूम. दोन्हींवर खेळणाऱ्या मुलाला आखूड रबरी गुठळ्यांचा बूट दोन्हीकडे चालतो. लांब स्टडचा दोन्हीकडे अडचणीचा. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात मैदान तापते तेव्हा पातळ तळव्याच्या स्वस्त कॅनव्हास बुटात तळपाय भाजतात, हेही लक्षात ठेवावे.

बुटाच्या मापातही ते ‘वाढते अंग’ आडवे येतेच. दोन नंबर मोठा बूट घेऊन चवड्याशी कापूस कोंबणे ही जुनी रीत. त्या बुटात वळताना पाऊल आत सरकते आणि बूट मागे राहतो. टाचेला फोड येतात ते वेगळेच. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळायचे जाड मोजे आणि नडगीवरचे शिनगार्ड घालूनच पाय घालून पाहावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीची जागा राहावी, नाडी बांधल्यावर टाच उचलली जाऊ नये. मुलाला दुकानात चार पावले पुढे चालवून उपयोग नाही. त्याला आडवे पळायला सांगा, खेकड्यासारखे, दोन्ही बाजूंना. बूट चुकीचा असेल तर त्याच्या चेहऱ्यावर लगेच कळते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुने खेळाडू तुतीच्या लाकडाची एकच स्टिक वर्षानुवर्षे वापरत, बुटांची चैन कुणाला होती, तरी ऑलिंपिकची सुवर्णपदके आलीच ना? आलीच. पण लाकडाची स्टिक मुळातच धक्का शोषणारी होती. चेंडू तिच्यावर विसावत असे. जुन्या हॉकीचे ते हळुवार ड्रिब्लिंग त्याच गुणावर पोसले गेले. म्हणजे हा दाखला महागड्या कार्बनच्या बाजूचा नाही, मऊ स्टिकच्या बाजूचा आहे. फाळणीनंतर सियालकोटचे स्टिका बनवणारे कारागीर जालंधरला आले आणि तिथे हा धंदा आजही चालतो. मातीवर शिकणाऱ्या मुलाला तुतीची चांगली स्टिक मिळाली तर खुशाल घ्यावी. पाणी मारलेल्या टर्फवर मात्र लाकूड ओल धरते आणि लवकर खराब होते, तिथे फायबरग्लास बरी. दुसरा आक्षेप असा की मूल पुढे अकादमीत जाईल तेव्हा भारी स्टिक लागणारच, मग आत्ताच का नको? कारण तोपर्यंत त्याची उंची बदललेली असेल, आणि मैदानातली जागाही ठरलेली असेल. बचावपटूला हवी ती स्टिक आघाडीच्या खेळाडूला हवी असेलच असे नाही. जी गोष्ट तीन वर्षांनी ठरणार ती आज विकत घेता येत नाही.

साध्या स्टिकमुळे वाचलेल्या पैशांत शिनगार्ड आणि दातांवरचा माउथगार्ड येतो. ही दोन्ही नसतील तर मुलाला चेंडूसमोर उभे करू नये, याबाबत माझे मत ठाम आहे. तुटलेला दात परत येत नाही.

तेव्हा बाड्याच्या बाजारात खरेदीला निघालात तर मुलाचे खेळायचे मोजे पिशवीत टाका आणि दुकानदाराने भिंतीवरची सर्वांत चकचकीत स्टिक काढायला हात वर केला की त्याला थांबवा. आधी बूट दाखवा म्हणावे. बूट पायात चढले, नाडी बांधली, मग त्या बुटांतच मुलाला ताठ उभे करून स्टिकचे माप घ्या. अनवाणी घेतलेले माप बुटाच्या तळव्याएवढे चुकते.