जुनी विंडोज, नवा कॉम्प्युटर आणि आपला डेटा

मागच्या वर्षी एका सकाळी आमच्या लॅबमधल्या स्पेक्ट्रोमीटरशेजारचा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. मदरबोर्ड गेला होता. त्यावर विंडोज एक्सपी होती आणि उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त तिच्यावरच चालायचं. उपकरण ठणठणीत, हार्डडिस्कही शाबूत. पण माझ्या सीनियरच्या थिसिसमधलं एक अख्खं प्रकरण ज्या मोजमापांवर उभं होतं, ती सगळी त्या सॉफ्टवेअरच्याच बंद फॉरमॅटमध्ये होती.

"त्यात काय, डिस्क काढ आणि दुसऱ्या मशीनला लाव," सर म्हणाले. लावली. क्षणभर विंडोजचा लोगो दिसला आणि मग निळा स्क्रीन!

असं का झालं, आणि पुढे आम्ही काय केलं, ते आज सांगते. संशोधनात आलात की कधी ना कधी तुमच्यावरही ही वेळ येईल.

अडतं कुठे?

नवं मशीन जास्त वेगवान, म्हणजे जुनी सिस्टम त्यावर आणखी पळायला हवी, असं आपल्याला वाटतं. पण प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टम हार्डवेअरबद्दल काही गोष्टी गृहीत धरून लिहिलेली असते. त्या गृहीत गोष्टी बदलल्या की गाडी अडते.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात. नेहमीची ३२-बिट एक्सपी बायोसच्या भरवशावर सुरू होते. नव्या मशीनमध्ये बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. बरीच वर्षं मदरबोर्डवर जुन्या पद्धतीने सुरू होण्याचीही सोय असायची. २०२० पर्यंत ही सोय काढून टाकणार, असं इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे अगदी नव्या मशीनवर एक्सपीचा लोगोसुद्धा दिसेल याची खात्री नाही.

दुसरी गोष्ट डिस्क. आमचा निळा स्क्रीन इथला. आधी लोडर बायोसच्या मदतीने डिस्क वाचतो, म्हणून लोगो दिसतो. मग कर्नल ताबा घेतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने तीच डिस्क शोधतो. एक्सपीकडे आयडीई कंट्रोलरचे ड्रायव्हर आहेत, पण नव्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर सोबत येत नाही. ज्या डिस्कवरून सिस्टम सुरू झाली, तीच तिला सापडत नाही!

तिसरी गोष्ट वेग. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या कितीतरी डॉस प्रोग्रॅममध्ये सीआरटी नावाचं युनिट असायचं. प्रोग्रॅम सुरू होताना ते ५५ मिलिसेकंदांत किती फेऱ्या होतात ते मोजायचं आणि त्या संख्येला ५५ ने भागायचं. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंत, मावायला हवं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमपासून ते मावेना. मग 'रनटाइम एरर २००', म्हणजे शून्याने भागाकार! शून्याने कोणी भागलेलंच नव्हतं. उत्तर मावलं नाही तरी प्रोसेसर तीच तक्रार करतो, इतकंच. विंडोज ९५ सुद्धा ३५० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वेगवान एएमडी के६-२ वर अशाच कारणाने अडायची.

तीन वाटा

पहिली वाट व्हर्च्युअल मशीनची. यात जुन्या सिस्टमच्या बहुतेक सूचना खऱ्या प्रोसेसरवरच चालतात, पण चिपसेट, डिस्क आणि नेटवर्क कार्ड हे सगळं सोंग असतं. क्यूईएमयूमधलं 'पीसी' नावाचं मशीन इंटेलच्या १९९६ सालच्या ४४०एफएक्स चिपसेटचं सोंग घेतं. एक्सपीला ते ओळखीचं वाटतं. (या विषयात संशोधन करायचं असेल, तर पोपेक आणि गोल्डबर्ग यांचा १९७४ चा पेपर वाचाच.)

दुसरी वाट एम्युलेटरची. इथे प्रोसेसरसुद्धा सॉफ्टवेअरमध्येच असतो. काम संथ होतं, पण कधीकधी तेच हवं असतं. डॉसबॉक्समध्ये वेग मुद्दाम कमी करता येतो आणि वरची एरर २०० टळते.

तिसरी वाट म्हणजे जुनंच मशीन शोधून आणणं. उपकरण आयएसए कार्डाने जोडलेलं असेल, तर बहुधा हीच वाट उरते, कारण आजच्या नेहमीच्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो.

आम्ही काय केलं?

सगळ्यात आधी डिस्कची इमेज घेतली, दोन प्रती ठेवल्या आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून दिली. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी नव्याने टाकली, सीडीवरून सॉफ्टवेअर बसवलं आणि जुन्या फायली उघडल्या. सगळ्या साध्या टेक्स्टमध्ये काढून घेतल्या. सीनियरचा जीव भांड्यात पडला.

मग उपकरण जोडलं. त्याला सीरियल पोर्ट लागायचा, आम्ही यूएसबीचा अ‍ॅडॅप्टर लावला. स्कॅन झाला, आलेखही छान दिसला. सर म्हणाले, "आधी प्रमाण नमुना लाव." होल्मियम ऑक्साइडची काच ठेवली आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहिलं. शिखरं जागेवर होती, पण मधले काही बिंदू गायब! सॉफ्टवेअरने एका शब्दाने तक्रार केली नव्हती. अ‍ॅडॅप्टर काढून मशीनमध्ये सीरियल कार्ड बसवलं, तेव्हा कुठे दोन्ही आलेख जुळले. ती काच ठेवली नसती, तर तो अर्धवट डेटा माझ्या थिसिसमध्ये गेला असता.

त्या व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क आम्ही बंद ठेवलंय. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्यामुळे तिला इंटरनेटवर सोडणं धोक्याचं.

लॅबमध्ये नव्याने जाणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी विचारून घ्या. उपकरणाचा कॉम्प्युटर कोणत्या सिस्टमवर चालतो? उपकरण कोणत्या पोर्टला जोडलंय? आणि सॉफ्टवेअरची सीडी कुठे आहे? उत्तरं लॅबबुकमध्ये लिहा. आमची सीडी एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या कव्हरात सापडली, तीही दोन दिवस शोधल्यावर.